आवाज वाढला, पण शब्द कळेनात: स्वस्त ॲम्प्लिफायर निवडताना आणि वापरताना

“ऐकू येतं गं, पण तू काय म्हणालीस ते कळत नाही.”

कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य सतत असतं आणि घरच्यांची चिडचिड होते तीही याच वाक्यावर. ऐकू येतं तर कळत कसं नाही? लक्षच देत नसेल, असं आपण धरून चालतो. माझ्या आईच्या बाबतीत आम्हीही तेच धरलं होतं. मग कुणीतरी सुचवलं म्हणून स्वस्तातला ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाज नुसता मोठा करणारं, कानामागे अडकवायचं एक मशीन मागवलं. तिने ते चार दिवस लावलं आणि पाचव्या दिवशी ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. “भांडी फार वाजतात,” एवढंच म्हणाली. आम्हाला वाटलं, तिला सवयच करून घ्यायची नाही. त्या मशीनचं नेमकं काय चुकत होतं ते तिने तीन शब्दांत सांगितलं होतं, हे समजायला मला बरेच दिवस लागले.

जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना थोडंफार तरी कमी ऐकू येतं आणि त्यांतल्या सुमारे ४३ कोटी लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अहवाल सांगतो. हा विषय अलीकडे पुन्हा पुन्हा बातम्यांत येतो, त्याला दोन निमित्तं झाली. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत प्रौढांना सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठीची काही श्रवणयंत्रं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्याच अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो या इअरबड्सवर चालणाऱ्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. कानाचं मशीन घरबसल्या घेता येतं, हे त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात बसलं. पण श्रवणयंत्र, ॲम्प्लिफायर आणि इअरबड्स यांत फरक काय, हे जाहिरातींवरून कळत नाही. त्यासाठी आधी कानात डोकवावं लागतं.

कानात नेमकं बिघडतं काय?

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागची तीन इवली हाडं ती थरथर आत पोचवतात. आत गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात द्रव असतो आणि ओळीने लावलेल्या केसपेशी, एका कानात साधारण पंधरा हजार. थरथर त्यांच्यापर्यंत पोचली की त्या तिचं विजेच्या संदेशात रूपांतर करतात आणि नस तो संदेश मेंदूकडे नेते. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

कॉक्लियातली मांडणी पेटीसारखी आहे. प्रत्येक सुराची जागा ठरलेली. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी आणि खालच्या पट्टीच्या अगदी आत, वेटोळ्याच्या टोकाला. वय आणि वर्षानुवर्षांचा गोंगाट यांची झळ बहुतेक वेळा आधी तोंडाशी असलेल्या पेशींना लागते. म्हणजे पेटीच्या उजवीकडच्या पट्ट्या मुक्या होत जातात आणि डावीकडच्या मात्र ठणठणीत वाजत असतात.

आता बोलण्याकडे वळू. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर जोरकस असतात आणि त्यांची ताकद खालच्या पट्टीत असते. ‘स’, ‘श’, ‘ख’, ‘थ’ यांतला फुसफुशीचा भाग उंच पट्टीत असतो आणि मुळातच दुबळा असतो. बोलणं चालू आहे हे स्वरांवरून कळतं, पण शब्द कोणता ते व्यंजनं सांगतात. साठ, आठ, पाठ, काठ, गाठ हे पाच शब्द घ्या. मधला ‘आ’ तोच, शेवटचा ‘ठ’ तोच. सुरुवातीचं व्यंजन पुसट झालं की पाचही शब्द एकाच साच्यातले वाटतात आणि ऐकणाऱ्याला अंदाज करावा लागतो. ऐकू येतं पण कळत नाही, ते असं. त्यात आळस नाही की दुर्लक्ष नाही.

दुसरा प्रकार याहून सोपा आहे. मळ साचला, पडद्याला भोक पडलं किंवा मधल्या कानात पाणी झालं, तर आवाज आत पोचायलाच अडतो. यातल्या पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे. मळ काढून ज्याचं काम भागणार आहे त्याने मशीन कशाला घ्यायचं?

दोनच मोजमापं लक्षात ठेवायची

आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात आणि मोठेपणा डेसिबलमध्ये. बोलणं समजण्यासाठी साधारण ५०० ते ४००० हर्ट्झचा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा.

डेसिबल हे मोजमाप जरा फसवं आहे, कारण ते गुणाकाराने चढतं. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि २० वाढले की शंभरपट. त्यामुळे खोक्यावरचा ‘आणखी १० डेसिबल जास्त’ हा किरकोळ फरक नसतो.

श्रवणचाचणीच्या कागदाला ऑडिओग्राम म्हणतात. त्यावर उजव्या कानाच्या खुणा गोल आणि डाव्याच्या फुलीसारख्या असतात. जो सर्वांत बारीक आवाज तुम्हाला जेमतेम ऐकू आला, त्याचा आकडा तिथे नोंदलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत हा आकडा सरासरीने २० च्या आत असेल तर कान चांगले, २० ते ३५ म्हणजे सौम्य बहिरेपण, ३५ ते ५० मध्यम. त्यापुढे स्वस्त ॲम्प्लिफायरची हद्द संपत जाते.

ॲम्प्लिफायर वेगळा, श्रवणयंत्र वेगळं

दोन्हींत मायक्रोफोन असतो, आवाज वाढवणारं सर्किट असतं आणि कानात सोडणारा छोटा स्पीकर असतो. हातात घेतले तर दोन्ही सारखेच दिसतात. फरक मधल्या कामात आहे.

साधा ॲम्प्लिफायर पेटीचा भाता जोरात मारतो. जे सूर आधीच मोठे होते ते आणखी मोठे होतात आणि मुक्या पट्ट्या मुक्याच राहतात. श्रवणयंत्र ऑडिओग्रामनुसार लावलेलं असतं. ज्या पट्टीत कमी ऐकू येतं तिथेच, आणि हवं तेवढंच वाढवायचं, असं त्याला शिकवलेलं असतं.

अगदी स्वस्त ॲम्प्लिफायरांची प्रयोगशाळेत मोजणी झाली आहे आणि त्यांत एक खोड अनेकदा आढळली आहे. ते खालची पट्टी भरपूर वाढवतात आणि उंच पट्टीत दमतात. म्हाताऱ्या कानाला जे हवं त्याच्या बरोबर उलट. आपटलेल्या डब्याचा दणका कानात घुमतो आणि शेजारी बसलेल्या नातवाचा ‘स’ हरवतो.

मग आणखी मोठा आवाज का नाही करायचा?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून इथे जरा थांबते.

एक खोली डोळ्यांसमोर आणा. तिची जमीन म्हणजे तुम्हाला ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज आणि छत म्हणजे सहन होणारा सर्वांत मोठा. चांगल्या कानांची खोली उंच असते. केसपेशी गेल्या की जमीन वर सरकते, पण छत जवळजवळ तिथेच राहतं. मधली जागा आखडते. आता याच अर्ध्या उंचीच्या खोलीत कुजबूज, गप्पा, हाका, दार आपटणं असं सगळं मावायला हवं.

साधा ॲम्प्लिफायर प्रत्येक आवाज सारखाच उचलतो. कुजबूज जमिनीच्या वर येते खरी, पण दार आपटल्याचा आवाज छत फोडून जातो. म्हणूनच कमी ऐकू येणारी माणसं “मोठ्याने बोल” म्हणतात आणि मोठ्याने बोललं की “ओरडू नकोस” म्हणतात. दोन्ही वाक्यं एकाच मिनिटात, आणि दोन्ही खरी.

यावरचा उपाय म्हणजे बारीक आवाज जास्त उचलायचा, मधला थोडा आणि मोठ्याला जवळजवळ हात लावायचा नाही. याला कॉम्प्रेशन म्हणतात. चांगल्या यंत्राची ही पहिली खूण. आईची भांडी वाजत होती, कारण तिच्या मशीनमध्ये नेमकं हेच नव्हतं.

किती वाढवायचं याचा तज्ज्ञांचा एक जुना ठोकताळा आहे: जितकी घट, साधारण त्याच्या निम्मी वाढ. ४० डेसिबलची घट असेल तर सुमारे २० डेसिबल पुरतात. म्हणून भरमसाट डेसिबलची जाहिरात पाहून भुलायचं कारण नाही. सौम्य बहिरेपणासाठी ती ताकद निरुपयोगी असते, आणि प्रसंगी घातकही.

स्वस्त म्हणजे टाकाऊच का?

नाही, आणि हे मनापासून सांगावंसं वाटतं. २०१७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांचा एक छोटा पण नेटका अभ्यास ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या ४२ जणांना मागे गोंगाट चालू ठेवून वाक्यं ऐकवली. यंत्राशिवाय त्यांना सरासरी ७७ टक्के बोलणं कळलं. महागडं श्रवणयंत्र लावून ८८ टक्के. मग पाच वेगवेगळे ॲम्प्लिफायर लावले. त्यांतल्या तिघांनी ८४ ते ८७ टक्क्यांपर्यंत मजल मारली, म्हणजे कित्येक पट महाग श्रवणयंत्राच्या अगदी जवळ. चौथ्याने ८१ टक्के गाठले. आणि पाचवा, सगळ्यांत स्वस्त? तो लावल्यावर कळण्याचं प्रमाण ६५ टक्क्यांवर घसरलं. काहीच न लावण्यापेक्षाही वाईट.

स्वस्त यंत्रांमध्येच आपसांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तो असा. आमचं पहिलं मशीन त्या पाचव्याच्या जातकुळीचं होतं.

आधी कान दाखवायचे, ते कधी टाळायचंच नाही?

शक्य असेल तर एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्या आणि ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, चाचणी करून ऑडिओग्राम हातात ठेवा. यंत्र पुढे कुठूनही आणि कितीही स्वस्त घ्या, तो कागद उपयोगी पडतोच. जागतिक आरोग्य संघटनेचं ‘हिअरडब्ल्यूएचओ’ हे मोफत ॲप आहे. त्यात गोंगाटातले आकडे ओळखायचे असतात. कान दाखवायची वेळ आली आहे का, एवढा अंदाज त्यावरून येतो. चाचणीची जागा ते घेत नाही.

काही वेळा मात्र यंत्राचा विचार बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडेच जायचं. एका कानाचं ऐकणं अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं असेल तर ती तातडीची बाब आहे. यावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर फायद्याची शक्यता जास्त असते. “सर्दीने कान बंद झाला असेल” म्हणत आठवडे घालवणारी माणसं मी पाहिली आहेत. एकाच कानाला कमी ऐकू येतं, एकाच कानात सतत आवाज येतो, नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धडधडतं, कानातून पाणी किंवा रक्त येतं, दुखतं, चक्कर येते, ही सगळी कारणंही डॉक्टरकडे जाण्याची. आणि मुलांना ॲम्प्लिफायर लावून पाहायचाच नाही. त्यांचं बोलणं, भाषा सगळं ऐकण्यावर उभं असतं, तिथे प्रयोगाला जागा नाही.

कानात काडी, पिन, कापसाचा बोळा लावलेली काडी काहीही घालू नका. मळ त्याने आतच ढकलला जातो.

घेताना काय बघायचं?

सर्वांत आधी कमाल आवाजाची मर्यादा. यंत्रातून जास्तीत जास्त किती मोठा आवाज बाहेर पडू शकतो, हे माहितीपत्रकात लिहिलेलं हवं. अमेरिकेने चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या श्रवणयंत्रांना १११ डेसिबलची हद्द घातली आहे, आणि आवाजानुसार आपोआप आवरणारं कॉम्प्रेशन चालू असेल तर ११७. साध्या ॲम्प्लिफायरला तो नियम लागू नाही, पण आपण तो मापदंड म्हणून वापरू शकतो. त्यापुढचा आकडा असेल, किंवा आकडाच नसेल, तर मी ते यंत्र घेणार नाही. कारण असं आहे की ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं कामाच्या जागांसाठी धरलं जातं, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते, ११५ ला अर्ध्या मिनिटावर.

दुसरं, उंच आणि खालची पट्टी वेगवेगळी कमीजास्त करता यायला हवी. कुठे दोन-चार तयार सेटिंग्ज असतात, कुठे फोनच्या ॲपमधून जुळवता येतं. काही यंत्रं ॲपमधूनच कानाची चाचणी घेतात आणि स्वतःला त्याप्रमाणे लावून घेतात, ती सर्वांत बरी. फक्त आवाजाचं एक चाक असलेलं यंत्र म्हणजे नुसता भाता. दिशा ओळखणारे दोन मायक्रोफोन असतील तर समोरच्याचं बोलणं मागच्या कलकलाटातून थोडं वर येतं. ‘शंभर टक्के गोंगाटमुक्त’ असं लिहिलेलं दिसलं तर विश्वास ठेवू नका. माणसांच्या गर्दीत दुसऱ्याचं बोलणं हाच गोंगाट असतो आणि नको ते बोलणं कोणतं, हे यंत्राला कळत नाही.

मग शिट्टी. स्पीकरचा आवाज कानातून गळून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला की यंत्र किंचाळतं. याचं कारण बहुधा कानात बसणारी सिलिकॉनची टोपी सैल असणं. वेगवेगळ्या मापांच्या टोप्या सोबत येतात, त्या सगळ्या लावून पाहा. अगदी घट्ट टोपीही नको, कारण मग स्वतःचाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो.

आणि बोटं! याचा विचार खरेदी करणारी तरुण माणसं करत नाहीत. थरथरत्या, बधिर झालेल्या बोटांना तांदळाएवढं बटण सापडत नाही. नजर कमी असेल तर बॅटरी बदलणं हे रोजचं संकट होतं. अशा माणसाला कानात लपणाऱ्या नाजूक यंत्रापेक्षा खिशात ठेवायचा, हेडफोन लावायचा, मोठ्या चाकाचा पॉकेट ॲम्प्लिफायर कितीतरी सुखाचा. दिसायला जुनाट आहे, मान्य. पण मायक्रोफोन आणि कान एकमेकांपासून लांब असल्याने तो कमी शिट्टी वाजवतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा विसरभोळ्या झालेल्या माणसाशी बोलायला तर मी पहिल्यांदा हाच सुचवीन.

ब्लूटूथ असेल तर फोन थेट कानात येतो, पण त्यापायी बाकीच्या गोष्टींवर पाणी सोडू नका. परत करण्याची मुदत मात्र बघाच, शक्यतो काही आठवड्यांची. पाच मिनिटांत कानाचं काहीच कळत नाही.

ते आठवडे हातात असताना घरातच परीक्षा घ्या. शांत खोलीत कुणालातरी मागून, ओठ दिसणार नाहीत असे, सुटे शब्द म्हणायला सांगा. साठ, गाठ, काठ, पाठ. यंत्रासह किती बरोबर आले आणि यंत्राशिवाय किती, ते लिहून ठेवा. मग कानाजवळ वर्तमानपत्र चुरगाळा, नळ सोडा, टाळी वाजवा. दचकायला होत असेल तर कमाल आवाज आवरला जात नाही. शेवटी टीव्ही चालू ठेवून गप्पा मारा. शब्द जास्त कळले आणि टाळी बोचली नाही, तर यंत्र ठेवा. नाही तर परत करा, मनाची समजूत घालू नका.

लावल्यावर पहिले काही आठवडे

चष्मा लावला की अक्षर तिथल्या तिथे स्पष्ट होतं. कानाचं तसं होत नाही, आणि पुष्कळ यंत्रं ड्रॉवरमध्ये जातात ती बहुधा या एका गैरसमजामुळे. कितीतरी वर्षं मेंदूपर्यंत न पोचलेले आवाज एकदम पोचू लागतात. पंख्याची घरघर, पावलं, कागदाची सळसळ, स्वतःच्या चावण्याचा आवाज. यातलं काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं, हे मेंदू नव्याने शिकतो. त्याला काही आठवडे द्यावे लागतात.

सुरुवात शांत घरात, कमी आवाजावर, तास-दोन तास करा. आधी एकाच माणसाशी समोरासमोर बोला, मग दोघा-तिघांत. लग्नाच्या मांडवात किंवा हॉटेलात पहिल्याच दिवशी यंत्र लावून गेलात तर ते नकोसंच होणार. रोज थोडा वेळ वाढवा. आठवड्यातून एकदा लावणाऱ्याला प्रत्येक वेळ पहिलीच वाटते.

मोठ्याने वाचत जा. स्वतःचा बदललेला आवाज त्याने लवकर ओळखीचा होतो.

सगळ्यांत स्वस्त ॲम्प्लिफायर: अंतर

मोकळ्या जागेत बोलणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. चार मीटरवरून एक मीटरवर आलात की १२ डेसिबल. विशेष म्हणजे यात फक्त बोलणाऱ्याचा आवाज वाढतो, मागचा गोंगाट जिथल्या तिथे राहतो. कुठल्याही यंत्राला हे इतक्या सहज साधत नाही.

या साध्या गोष्टीवर यंत्राचा अर्धा उपयोग अवलंबून आहे. पॉकेट ॲम्प्लिफायरचा मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या हातात किंवा कॉलरला द्या. फोन आणि इअरबड्स वापरत असाल तर फोनच बोलणाऱ्यापुढे ठेवा. अनेक फोनमध्ये ही सोय सुलभतेच्या सेटिंगमध्ये आधीपासून असते, आणि बोलणं लगोलग पडद्यावर लिहून दाखवणारी सोयही. काही विकत घेण्याआधी हे वापरून बघा.

नेहमी येणाऱ्या शंका

*यंत्र लावलं की कान आळशी होतात आणि जास्तच बिघडतात का?* नाही. योग्य मर्यादेतल्या यंत्राने कान खराब होत नाहीत. वयाबरोबर होणारी घट यंत्र लावा न लावा, होतच असते. काही दिवस यंत्र वापरून काढलं की घर अगदीच मुकं वाटतं, कारण नवं ऐकणं अंगवळणी पडलेलं असतं. त्यावरूनच हा समज पसरला असावा. मर्यादा नसलेला, कर्कश ॲम्प्लिफायर मात्र खरोखर इजा करू शकतो, म्हणून वर त्या आकड्यावर इतका जोर दिला.

*एकच घेतलं तर चालणार नाही का?* दोन्ही कानांना सारखंच कमी ऐकू येत असेल तर दोन असलेली बरी. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांची तुलना करून ठरवतो, आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढायलाही त्याला दोन्ही कान लागतात. पण एकाचीच ऐपत असेल तर एक चांगलं घ्या, दोन टाकाऊ घेऊ नका.

*न लावल्याने असं काय बिघडणार? म्हातारपणी चालायचंच.* इथे मला राहवत नाही. ऐकू न येणारा माणूस आधी विनोदावर उशिरा हसतो, मग हसायचं सोडतो, मग बोलण्यात भाग घेणंच थांबवतो. घरात असून एकटा पडतो. बहिरेपण आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षं पाहिलं. श्रवणयंत्र आणि मार्गदर्शन मिळालेल्यांत एकूण गट धरला तर बुद्धीच्या घसरणीत फरक पडला नाही. पण ज्यांना मुळातच घसरणीचा धोका जास्त होता, त्यांच्यात ती ४८ टक्क्यांनी मंदावली. यंत्राने स्मृतिभ्रंश टळतो असं म्हणणारी जाहिरात म्हणून खोटी. पण कानांकडे दुर्लक्ष करणं निरुपद्रवी आहे, असंही कुणी समजू नये.

निगा

रोज रात्री कोरड्या मऊ कापडाने पुसा. टोपीच्या तोंडाशी मळ अडकतो आणि “मशीन बंद पडलं” म्हणणाऱ्या पुष्कळांचं मशीन ठीकच असतं, फक्त जाळी तुंबलेली असते. घाम आणि ओल हे मोठे शत्रू, म्हणून दमट दिवसांत सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत ठेवा. झिंक-एअर जातीच्या छोट्या बॅटऱ्यांवर एक चिकटपट्टी असते. ती काढली की हवा आत शिरून बॅटरी जागी होते, तेव्हा पट्टी काढल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मगच आत बसवा. आणि या बॅटऱ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. मुलाने गिळली असं नुसतं वाटलं तरी तत्काळ रुग्णालय गाठा.

ॲम्प्लिफायर पुरणार नाही हे कसं ओळखायचं?

शांत खोलीत, एका हाताच्या अंतरावर, समोरासमोर बोललेलंही यंत्र लावून कळत नसेल, फोनवरचं अजिबात समजत नसेल, किंवा आवाज पूर्ण वाढवूनच वापरावा लागत असेल, तर बहिरेपण मध्यमच्या पुढे गेलेलं असण्याची शक्यता बरीच. तिथून पुढे ऑडिओलॉजिस्टने लावून दिलेलं श्रवणयंत्र, आणि त्यानेही भागलं नाही तर कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायचं, थेट नसेला संदेश देणारं साधन. हे कानाच्या अवस्थेवर ठरतं, यंत्र किती महाग घेतलं यावर नाही.

आमच्या आईची चाचणी झाली तेव्हा दोन्ही कान मध्यमच्या अलीकडे निघाले. दुसरं यंत्र आम्ही तीन आठवड्यांच्या परतीच्या मुदतीवर घेतलं, ऑडिओग्राम समोर ठेवून उंच पट्टी वर आणि खालची खाली केली. एक सवय आम्हीही लावून घेतली: दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही, जवळ जायचं, आधी हाक मारायची, तिने वळून पाहिलं की मग वाक्य सुरू करायचं. भांड्यांबद्दल विचारलं तर म्हणाली, “वाजतात की. पण आता नुसती भांड्यांसारखी वाजतात.”